नुसता हात लावायचे पाचशे?

गाडीचा सेल्फ एकाएकी जात नाही. आधी तो सकाळी कुरकुरतो, मग किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ करतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला घेतो. एवढी आगाऊ सूचना मिळूनही पुणेकर तिकडे बघत नाही, कारण गाडी शेवटी सुरू होते, आणि सुरू होणाऱ्या गाडीवर खर्च करणं हा आपल्याकडे उधळेपणा समजला जातो. मग एके दिवशी ती कर्वे रस्त्यावर सिग्नलला बंद पडते, मागचे लोक हॉर्न वाजवून तिला बरं करू पाहतात आणि पुढे जे बिल हातात येतं त्यावरून ‘गॅरेजवाले लुटतात’ हा ठराव शहरात पुन्हा एकमताने संमत होतो. ठरावाला विरोध नाही. उपसूचना एवढीच, की लुटायची ही पद्धत गिऱ्हाइकानेच बसवून दिलेली आहे.

‘टक्’ करून गाडी गप्प बसली, तर कारणं मोजकीच असतात. बॅटरी उतरलेली असेल, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल, अर्थिंगची वायर सैल असेल, सोलेनॉइड गेला असेल किंवा सेल्फमधले कार्बन झिजले असतील. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे मान टाकू लागले तर संशय बॅटरीवर आणि टर्मिनलवर. लख्ख राहिले तर सोलेनॉइडवर नाहीतर सेल्फवर. जाणत्या मेकॅनिकला एवढं कळायला फार वेळ लागत नाही, आणि तिथेच त्याचं नुकसान होतं. त्याने टर्मिनल सोडवलं, गरम पाणी ओतून घासलं, पुन्हा आवळलं आणि पाचशे रुपये मागितले, की प्रश्न ठरलेला: “नुसता हात लावायचे पाचशे?” त्याच माणसाने चेहरा पाडून “सेल्फच गेलाय साहेब, असेंब्ली टाकावी लागेल” म्हटलं, की साहेब काही हजार मुकाट मोजतात. कारण आता खोकं दिसतं आणि खोक्यावर किंमत छापलेली असते. पुणेकर माणसाशी तासभर घासाघीस करेल. छापील आकड्यापुढे तो वारकऱ्यासारखा नम्र होतो. जुना सेल्फ तेवढा आठवणीने मागून घेतो, आणि तो पुढे बाल्कनीत गंजत राहतो.

म्हणजे खरं सांगणाऱ्याला दंड आणि भाग विकणाऱ्याला मान, असा हा दरफलक आहे. नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात सेल्फ उघडून बसणारा कारागीर या दरफलकात कुठेच बसत नाही. तो दोन लांब बोल्ट काढतो, आर्मेचर बाहेर ओढतो, काळवंडलेला कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने उजळतो, बुश आणि कार्बन बदलतो आणि सेल्फ पायाखाली दाबून बॅटरीच्या वायरी टेकवतो. सेल्फ उसळी मारून फिरतो. या सगळ्यात नवीन सामान काही शेकड्यांचं. बाकीची अक्कल, जिला बिलात रकानाच नाही.

यावर उत्तर येतं की म्हणूनच कंपनीच्या वातानुकूलित सर्व्हिस सेंटरला जावं. तिथे जॉब कार्ड असतं, कॉफी असते. असते. पण तिथे सेल्फ सहसा उघडत नाहीत, बदलतात. आणि बाहेरच्यांना तो नीट उघडता येऊ नये याचीही तजवीज होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो अस्सल सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुली न केल्याबद्दल. त्यांत टाटा, महिंद्रा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगनही होत्या, ज्यांचे कारखाने आपल्याच पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात आहेत. अडाण्याच्या हाती गाडी गेली तर सुरक्षिततेचं काय, अशी काळजी कंपन्यांनी व्यक्त केली होती. माहिती द्यायची नाही आणि अडाणी म्हणायचं, हा युक्तिवाद आपल्याकडे शिक्षणक्षेत्रातही जुना आहे. पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर उतरला; मजुरीवर तो १८ टक्केच राहिला. सरकारने सवलत दिली तीही भागालाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आर्मेचर जळालं असेल तर रिवाइंडिंगचा भरवसा कारागिरावर अवलंबून असतो. काही गाड्यांत सेल्फ इतक्या अडचणीत बसवलेला असतो की तो दुसऱ्यांदा उतरवायची मजुरीच जड जाते. तिथे नवा टाकणं हेच शहाणपण. कबूल. पण नवा टाकायचा की कार्बन बदलायचे, हे सेल्फ उतरवून तपासणाऱ्यानेच सांगायचं असतं, आणि त्या सांगण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. उद्या एखाद्या गॅरेजने धीर करून ‘निदानाचे रुपये ५००, भाग लागो न लागो’ असं लिहून लावलं, तर पहिलं गिऱ्हाईक वाचेल, मान डोलावेल आणि विचारेल, “हे पाचशे पुढच्या सर्व्हिसिंगमधून वजा होतील ना?”