दारुखाना ते मांडवा, व्हाया साखळी

आमच्या साडूंनी मांडव्याला अठरा फुटी होडी घेतली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता समुद्रविहार. विहार झाला तो रे रोडच्या दारुखान्यात. होडी पाण्यात ठेवायची तर तळाशी काँक्रीटचा ठोकळा लागतो, वर तरंगता बोया लागतो आणि दोघांचा संसार टिकवायला मध्ये साखळी लागते. ही शेवटची वस्तू साडूंना स्वतःच्या डोळ्यांनी निवडायची होती.

जहाजतोडणीवर वाढलेल्या या बाजारात आख्खं जहाज सुटं करून फुटपाथवर मांडलेलं असतं. पितळी खिडक्या, कप्प्या, लाइफ जॅकेटं, माणसाएवढे नांगर. त्यातल्याच एका ढिगावर साडूंचा जीव जडला. जाडजूड साखळी, प्रत्येक कडीच्या पोटात आडवा दांडा. जहाजाच्या नांगराची साखळी अशीच असते आणि तिचा एक हप्ता साडेसत्तावीस मीटरचा.

"होडी केवढी, शेठ?" ढिगावर बसलेल्या हमालाने विचारलं.

"अठरा फुटी."

"मग साखळी होडीला नका बांधू. होडी साखळीला बांधा."

शिवाय त्या दांड्यामुळे मधल्या कडीत शॅकल, म्हणजे जोडणीची पिनवाली कडी, शिरत नाही, त्यामुळे ती कापून-जोडून घेणंही कठीण. साडू हिरमुसले आणि थेट चकचकीत स्टेनलेसकडे वळले. दुकानदार भला निघाला. म्हणाला, खाऱ्या पाण्यात जस्ती साखळीला स्टेनलेसची शॅकल लावलीत, तर शॅकल झकास राहील आणि साखळीचं जस्त आधी खलास होईल. सगळं एकाच धातूचं घ्या. आणि चिखलात गाडून घ्यायचं असेल तर स्टेनलेसचाही भरवसा नाही.

शेवटी बिनदांड्याची, सोळा मिलिमीटरची जस्ती साखळी ठरली. तळाला त्याहून जाड. लांबीवरून पुन्हा घोळ. साडूंनी खोली मोजली होती ओहोटीला! मुंबईच्या उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं, तेव्हा त्या मापाच्या साखळीने होडीला नाक धरून खाली ओढलं असतं. दुकानदाराने काही न बोलता आणखी ओढून काढली.

सोळा मिलिमीटरची साखळी मीटरला साडेपाच किलोहून जास्त भरते. डिकीत ठेवल्यावर गाडीचं नाक वर झालं आणि भाऊच्या धक्क्यावर रो-रोत शिरताना साडूंना समोरच्या रस्त्याऐवजी आकाश दिसत होतं. तासभराच्या त्या प्रवासात त्यांनी सीगलना चिवडा घातला नाही की फोटो काढला नाही. खाली वाहनतळावर जाऊन डिकीला हात लावून येत होते.

मांडव्याला नाखव्यांनी होडीची जुनी साखळी वर काढून ठेवली होती. चिखलात रुतलेला भाग काळा पण धडधाकट. वरच्या भागावर कालवं चिकटलेली, कोयत्याने खरवडली तर आत लोखंड शाबूत. खराबी मधे होती. भरती-ओहोटीला आणि प्रत्येक लाटेला जो भाग तळावरून उचलतो आणि पुन्हा आपटतो, तिथे कडी कडीला घासून आतली वळणं खाल्ली गेली होती. बाहेरून पाहाल तर कडी गुटगुटीत, पण ताण सैल करून दोन कड्या जरा सरकवल्या की झीज दिसते. कॅलिपर लावला. सोळाचे बारा झाले होते. व्यास पाव भागानेच घटला, पण त्या हिशेबाने लोखंडाचा छेद चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी होतो. साडूंनी हे गणित पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

नाखवा नव्या साखळीकडे ढुंकून न बघता शॅकल हातात घेऊन बसले. पिन घट्ट पिळली, पिनीच्या भोकातून जस्ती तार ओवली, शॅकलला वेढे देऊन पीळ मारला.

"साखली तुटत नाय शेट. पिन फिरत फिरत सुटते, न् सकालला होडी रेवसला."

तारेचे पैसे घेतले नाहीत. हजारोंच्या खरेदीत हीच एक वस्तू फुकट आणि मला विचाराल तर सगळा कारभार तिच्याच जिवावर. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढतात, साखळी मात्र पाण्यातच राहते. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला होडी पुन्हा बांधण्याआधी ती वर काढून तपासायची, असं नाखव्यांनी बजावलं.

जुन्या साखळीचे "उत्तम स्थितीतले" तुकडे साडूंनी विकायला काढले आहेत. घ्यायला गेलात तर कॅलिपर बरोबर न्या, आणि मधला तुकडा आधी मागा.