हिऱ्यांची टंचाई

आमच्या घरात सध्या हिऱ्यांची टंचाई आहे. बाकी सगळं यथास्थित आहे. गॅस आहे, नळाला पाणी आहे, साखरेचा डबा भरलेला आहे. पण सातवीतल्या भाच्याच्या खात्यावर शून्य हिरे आहेत, म्हणून घरावर सुतकी कळा आहे.

हे हिरे ‘फ्री फायर मॅक्स’ या मोबाइलवरच्या खेळातले. मूळ ‘फ्री फायर’वर सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी घातली, पण त्याचा हा धाकटा भाऊ सुटला. खेळ फुकट. फक्त आत शिरल्यावर अंगातला सदरा, नाचायची लकब, बंदुकीचा रंग यांना हिरे पडतात आणि हिऱ्यांना आईबापांचे रुपये पडतात. “मामा, मला आलोक हवाय,” असं तो रडवेल्या आवाजात म्हणाला, तेव्हा मला वाटलं, शाळेतला कुणी मित्र रुसला असावा. आलोक हा ब्राझीलचा खराखुरा डीजे निघाला. त्याच्यावरून खेळातलं पात्र बेतलंय. एके काळी त्याचा भाव 599 हिरे होता. तेवढ्यात पूर्वी एखादं लहानसं संस्थान आलं असतं.

ताईने पैशांना साफ नकार दिला. (ती स्वतः कँडी क्रशमधल्या जीवदानासाठी रात्री अकराला नातेवाइकांपुढे पदर पसरते, पण ते असो.) मग गडी फुकट हिऱ्यांच्या शोधात निघाला आणि त्याला इंटरनेटवर एक पान सापडलं.

काय ते पान! खेळातला आयडी टाका, हिरे निवडा. कमीत कमी दहा हजार. त्याखाली दानशूराला परवडत नसावं. मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं भराभरा सरकतात, पट्टी पुढे पुढे जाते, बाजूला ‘मला मिळाले, थँक यू’ म्हणणाऱ्यांची रांग, आणि सगळे एक मिनिटापूर्वीच कृतार्थ झालेले. मी आयडीच्या जागी ‘कांदेपोहे’ असं लिहून पाहिलं. पान क्षणभर विचारात पडलं आणि ‘कांदेपोहे यांचं खातं सापडलं’ असं त्याने आनंदाने कळवलं.

पट्टी 99 टक्क्यांवर थबकली. आता म्हणे, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा! म्हणजे काय, तर एक सर्वेक्षण भरा आणि दोन अ‍ॅप उतरवून घ्या. भाचा मांडी ठोकून बसला. “मामा, तुझ्यावर गृहकर्ज आहे? शुगर? म्हातारपणाची काही सोय केलीयस?” इतक्या जिव्हाळ्याने माझी विचारपूस त्याने जन्मात केली नव्हती.

सगळी मेख इथेच. भरलेल्या प्रत्येक सर्वेक्षणामागे, उतरवलेल्या प्रत्येक अ‍ॅपमागे पानवाल्याला दलाली मिळते. पट्टी म्हणजे नुसतं हलतं चित्र. तिचा खेळ चालवणाऱ्या गरेना कंपनीशी काडीचा संबंध नाही. कुणाकडे किती हिरे, याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने एक शून्य वाढवलं म्हणून तलाठ्याच्या दप्तरात जमीन वाढत नाही. तसंच हे.

आणि हा पानवाला निदान आपला वेळ खाऊनच थांबतो. त्याची भावंडं याहून पोचलेली. एक तुमच्या फेसबुकचा पासवर्ड मागून घेतो आणि हिरे सोडा, खातंच घेऊन जातो. दुसरा ‘अनलिमिटेड डायमंड’वालं अ‍ॅप देतो, आणि त्याला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी हवी असते. हिऱ्यांना एसएमएस वाचायचा कसला सोस? ओटीपी तिथेच येतात, म्हणून. तिसरा म्हणतो, बक्षीस जमा व्हायला यूपीआयचा पिन टाका. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, हे बिगारीतल्या पोरालाही शिकवायला हवं. टाकलाच कुणी, तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावावा. उशीर झाला की पैसा हाताबाहेर जातो.

खरे फुकट हिरेही असतात, पण त्यांची तऱ्हा सरकारी. कंपनी अधूनमधून कोड सोडते, 12 किंवा 16 अक्षर-अंकांचे. ते कंपनीच्याच संकेतस्थळावर चालतात, पाहुणा म्हणून खेळणाऱ्याला चालत नाहीत, आणि बहुतेकदा हिऱ्यांऐवजी टोपी देऊन बोळवण करतात. यूट्यूबवरचा भाऊ दहा मिनिटं आरडाओरडा करून जो कोड सांगतो, तो आपण टाकेपर्यंत वारलेला असतो.

शेवटी मीच एक सरळ मार्ग काढला. ‘गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स’ नावाचं गूगलचंच अ‍ॅप आहे. प्रश्नांची खरी उत्तरं दिली की प्ले स्टोअरच्या खात्यात थोडेफार रुपये जमा होतात, त्यांतूनच हिरे घ्यायचे. वयाची अट अठराची, त्यामुळे नोकरी माझी आणि मालक भाचा. तुम्ही नुकतेच कुठल्या दुकानात गेला होता, असं ते बऱ्याचदा विचारतं, हे मालकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दर रविवारी हुकूम सुटतो : “मामा, जरा दुकानांतून हिंडून ये. काही घेऊ नकोस, नुसता जा.”

परवा एका साडीच्या दुकानात असाच घुटमळत होतो. विक्रेत्याने नम्रपणे विचारलं, “काका, काय दाखवू?”

“काही नको,” मी म्हणालो, “भाच्याला हिरे घ्यायचेत.”

त्याने तितक्याच नम्रपणे मला बाहेर आणून समोरच्या सराफाची पाटी दाखवली.