मी नव्हे, तू : होतकरू विद्यार्थ्यास काही सूचना

महाविद्यालयाच्या दप्तरात आयुष्याची बत्तीस वर्षे ज्याने दाखले, शिफारशी आणि प्रशस्तिपत्रे ह्यांवर सह्या करण्यात घालवली, त्यास ‘सदर विद्यार्थ्याच्या अंगी संघभावना, संवादकौशल्य व सभाधीटपणा ह्या गुणांची लक्षणीय वृद्धी झाल्याचे दिसून आले’ हे वाक्य संध्येतल्या आचमनासारखे झालेले असते. अर्थाकडे चित्त नसले तरी हात बिनचूक चालतो. आमच्या कारकुनाने तर ते संगणकात कायमचे साठवून ठेवले आहे आणि नावाच्या जागी तेवढी टिंबे सोडली आहेत. एका वर्षी घाईगर्दीत ती टिंबे तशीच राहिली आणि बावीस दाखले निनावी वाटले गेले. एकाही विद्यार्थ्याची तक्रार आली नाही, एकाही पालकाने खुलासा मागितला नाही, आणि त्यांतले काही दाखले दाखवून नोकऱ्याही लागल्या. जे गुण इतके निर्गुण-निराकार आहेत, त्यांच्या प्राप्तीचा मार्ग कोणीतरी सांगोपांग लिहून ठेवावयास हवा, असे तेव्हापासून माझ्या मनात होते. त्यात 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून ह्या अभ्यासेतर उद्योगांना श्रेयांकही मिळू लागले, म्हणजे हौसेच्या मामल्यात हिशेब आला. सबब हे टिपण अधिक लांबणीवर टाकणे मला प्रशस्त वाटत नाही.

सभाधीटपणाचा ओनामा शाळेतच आणि तोही 1 ऑगस्टला करावा. ह्या तिथीची सोय मराठी मुलाइतकी दुसऱ्या कोणाला लाभली नसेल; कारण 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले आणि त्याच दिवशी वाळवे तालुक्यातील वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मास आले, म्हणून एकाच भाषणात पुण्यतिथी आणि जयंती अशी दोन्ही कामे उरकता येतात. एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, हा अलंकार आपल्यालाच प्रथम सुचला असे प्रत्येक वडिलांना वाटते, आणि भाषण वडिलांनीच लिहिलेले असल्यामुळे मुलाचा तेथे नाइलाज असतो. मी परीक्षक म्हणून एका तालुक्याच्या ठिकाणी बसलो असता गुणपत्रिकेच्या कडेला शेंगांच्या टरफलांसाठी रेघा ओढीत गेलो. एकतीस स्पर्धकांच्या भाषणांत सव्वीस वेळा टरफले पडली आणि सव्वीस वेळा बाणेदारपणे उचलावयाची राहिली. सत्ताविसाव्या मुलीने गीतारहस्यापासून आरंभ केला, तेव्हा शेजारचे परीक्षक माझ्या कानाशी लागून म्हणाले, “हिची तयारी कमी दिसते.” ह्यावरून नवशिक्याने काय तो बोध घ्यावा. अपेक्षित तेच बोलावे. श्रोत्यांना धक्का देणे हे वक्त्याचे काम नव्हे, ते ध्वनिक्षेपकवाल्याचे आहे.

महाविद्यालयात आल्यावर संबोधनाचा विस्तार करावा. ‘अध्यक्षमहाराज आणि मित्रहो’ एवढ्यावर आमच्या पिढीचे भागे. आता आरंभ ‘सन्माननीय व्यासपीठ’ असा करण्याचा प्रघात आहे. म्हणजे चार सागवानी फळ्या, त्यांवरील सतरंजी आणि सतरंजीखालचे ते एक करकरणारे टेबल ह्यांना प्रथम वंदन करावयाचे, मग त्यांवर बसलेल्या माणसांकडे वळावयाचे. हा भूमिपूजनाचा प्रकार मला आरंभी विक्षिप्त वाटला. पण पुढे असे ध्यानी आले की सभेत शेवटपर्यंत जागचे न हलता ऐकत असते ते व्यासपीठच, तेव्हा मान त्याचाच. त्यानंतर व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग, सुज्ञ परीक्षक आणि ‘माझ्यासमोर बसलेल्या’ मित्रमैत्रिणींनो (जणू काही मागे बसलेले निराळे आहेत!) अशी उतरंड लावल्यास सात मिनिटांतले दीड मिनिट विषयाला स्पर्श न करता निभते. इशाऱ्याची घंटा वाजताच विषयात शिरावे आणि समाप्तीची घंटा वाजताच एखादी चारोळी म्हणावी. चारोळी चालू असताना परीक्षकाला वक्त्यास थांबवण्याचे धैर्य होत नाही, ही माझी स्वानुभवाची साक्ष आहे. अखेरीस ‘एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो’ असे म्हणावे. शब्द दोनच होते हे श्रोते वादाशिवाय मान्य करतात.

नक्कल कोणाची करावी, हा प्रश्न मात्र बिकट आहे. आचार्य अत्र्यांची करू नये, कारण त्यास देह आणि आवाज दोन्ही लागतात, आणि ‘दहा हजार वर्षांत’ एवढेच उचलून चालत नाही. फलटणच्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले शिवाजीराव भोसले ह्यांची नक्कल सोपी वाटते. संथ स्वर, एकामागून एक उलगडत जाणारी वाक्ये, हातवारे जवळजवळ नाहीत. परंतु त्यांच्या मागे वाचन होते, आणि ती अडचण नक्कल करणाऱ्याच्या ध्यानात साधारणपणे तिसऱ्या मिनिटाला येते. माझ्या तीर्थरूपांनी मला एकदा भाषण लिहून दिले होते, त्यात समासात बारीक अक्षरांत ‘येथे घोटभर पाणी’ असे लिहिले होते. मी ते वाक्याच्या ओघात खड्या आवाजात म्हणून दाखवले, आणि मुख्याध्यापकांनी शिपायाला खरोखरच पेला आणावयास धाडले. सभाधीटपणात माझी जी काही वृद्धी झाली ती त्या पेल्यापुरती.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. माणसे बोलत नाहीत, त्यांना बोलते करावे लागेल, अशी चिंता वाहणारा तो काळ किती भाग्याचा असेल, ह्याचा विचार मी अनेक स्नेहसंमेलनांच्या उत्तरार्धात केला आहे. आजची निकड वक्तृत्वनिवारक सभेची आहे. तिचे चिटणीसपद मी विनावेतन पत्करीन.

आता संघभावना. हिचे मूळ व्याकरणात आहे, ही गोष्ट व्याकरणकारांनी नोंदवलेली नाही, म्हणून मी नोंदवतो. आपल्या भाषेने प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आपल्याला बहाल केली आहेत. ‘आम्ही’ ह्यात ऐकणारा नसतो, ‘आपण’ ह्यात असतो. ज्या विद्यार्थ्यास ह्या दोहोंची जागा कळली, त्यास सांघिक कार्यातले बाकी काही कळण्याची जरुरी नाही. काम वाटून घेताना सदैव ‘आपण’ म्हणावे. “आपण उद्या सर्वेक्षण पुरे करून टाकू” ह्या वाक्यात करणारा कोण, हे ऐकणाऱ्याला उद्या कळते. काम होऊन बक्षिसाची वेळ आली की ‘आम्ही’ म्हणावे. आणि काम झाले नसेल तर कर्त्यालाच वाक्यातून रजा द्यावी. ‘ते राहूनच गेले, सर.’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या मुखांतून ऐकले आहे की, राहून जाणे हा कामाचा अंगभूत स्वभाव आहे आणि माणसाचा त्यात हात नसतो, अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे.

ह्या व्याकरणाचा प्रयोग अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात पाहावा. चौघांचा गट असतो. एक काम करतो. दुसरा अहवालाची छपाई आणि काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांची बांधणी करून आणतो, म्हणून त्या ग्रंथाला विद्यार्थी ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, आणि काळेपणा केवळ पुठ्ठ्याचाच आहे की काय, अशी शंका येण्याजोगा मजकूर आत असतो. तिसरा पैसे देतो. चौथा तोंडी परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून येतो आणि बहुधा सर्वांत जास्त गुण तोच मिळवतो, कारण प्रकल्पाविषयी त्याच्या मनात संशयाला जागाच नसते; जो रात्री जागला त्याला मात्र आपल्या यंत्रात कोठे काय बिघडते हे ठाऊक असल्यामुळे तो परीक्षकांपुढे चाचरतो. नवशिक्याने ह्या चौथ्या जागेवर डोळा ठेवावा.

संवादकौशल्याविषयी फार लिहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गटाचे तीन गट काढावेत : पहिल्यात मार्गदर्शक असावेत, दुसऱ्यात नसावेत, आणि तिसऱ्यात जो काम करतो तो नसावा. पहिल्यात ‘ओके सर’ आणि जोडलेले हात, दुसऱ्यात प्रकल्प, तिसऱ्यात संवाद. नोकरीच्या गटचर्चेत ‘ह्यांच्या म्हणण्यात मला थोडी भर घालावीशी वाटते’ असे म्हणून त्यांचेच म्हणणे परत सांगावे.

काही जागा मात्र कटाक्षाने टाळाव्यात, कारण तेथे संघभावना खरोखरीच उत्पन्न होण्याचा धोका आहे. पैकी पहिली एकांकिकेची तालीम. पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरासमोरून जाऊन पाहावे. तेथे आपापल्या महाविद्यालयाच्या नावाने आवाज कुणाचा, अशी जी आरोळी उठते ती ऐकून मुलांच्या सभाधीटपणाविषयी कोणाच्याही मनात किल्मिष उरणार नाही. पण आत, अंधारात, निराळाच कारभार चालतो. दोन प्रवेशांमधल्या काळोखात एका मुलाने टेबल उचलावयाचे असते, दुसरीने खुर्ची, तिसऱ्याने कंदील. जमिनीवर चिकटपट्टीच्या चार खुणा असतात आणि त्या दिसत नाहीत, पावलांना ठाऊक असतात. तेथे ‘आपण’ म्हणून चालत नाही, कारण प्रकाश आला आणि टेबल जागेवर नसले तर ते कोणाचे राहून गेले, हे सभागृहाला ताबडतोब समजते. टेबल उचलणाऱ्याचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही. आणि इतके करूनही 2022 साली परीक्षकांनी करंडकास पात्र असा एकही संघ नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही! असल्या बेभरवशाच्या ठिकाणी श्रेयांकाच्या अपेक्षेने जाणाऱ्याने विचार करावा.

दुसरी धोक्याची जागा राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा शिरस्ता आहे. तिचे बोधवाक्य इंग्रजीत ‘नॉट मी, बट यू’ असे असून त्याचा सरळ मराठी अर्थ ‘मी नव्हे, तू’ एवढाच होतो. आमच्याकडील एका विद्यार्थ्याने हे वाक्य पहिल्याच दिवशी आत्मसात केले. कुदळ हाती देताच तो ती शेजाऱ्याच्या हाती देई, आणि कोणी हटकले तर छातीवरील बिल्ल्याकडे बोट दाखवी. वक्तृत्वात त्याला तीन ढाली मिळाल्या होत्या. समारोपाचे भाषण त्याच्याकडेच होते, म्हणून तो शिबिरभर झाडाखाली बसून मसुदा घोकीत असे, आणि मीही त्यास मुभा दिली होती; माझ्या दृष्टीने तो ह्या टिपणाचा आदर्श विद्यार्थी होता.

सहाव्या दिवशी ओढ्यावर वनराई बंधारा घालावयाचा होता. सिमेंटची रिकामी पोती वाळूमातीने भरावयाची, दाभणाने तोंडे शिवावयाची, आणि विटांचे सांधे मोडतात तशी एकाआड एक रचीत जावयाचे. भरलेले पोते एकट्याने काठावरून पाण्यापर्यंत नेणे अवघड, म्हणून मुलांनी रांग धरली. दुपारी दोन मुलांना ऊन लागले, रांगेत खिंडार पडले, आणि त्या खिंडाराच्या नेमके शेजारी ह्या गृहस्थांचे झाड होते. पहिले पोते कोणी त्याच्या हातांत दिले, हे त्यालाही सांगता आले नाही. पोते हाती आल्यावर बिल्ल्याकडे बोट दाखवण्यास बोट मोकळे राहत नाही. त्याने ते पुढच्याकडे दिले, तोवर दुसरे आले. मग संध्याकाळपर्यंत तो त्या जागेवरून हलला नाही. सहाच्या सुमारास मी पाहिले तेव्हा त्याच्या मसुद्याचा कागद ओल्या खिशात लगदा होऊन बसला होता आणि तो पोत्यांचे आकडे मोठ्याने म्हणत होता, आणि त्याच्या आकड्यावर रांग हलत होती.

समारोप देवळाच्या ओट्यासमोर झाला. व्यासपीठ नव्हते, त्यामुळे ‘सन्माननीय’ कोणाला म्हणावे, हा पेच त्याच्यापुढे उभा राहिला असावा. तो उठून उभा राहिला, सभेकडे पाहिले, आणि बराच वेळ काही बोलला नाही. इतक्यात पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारले, “किती पोती लागली रं, लेकरा?”

“तीनशे अठरा, आजी,” तो म्हणाला. “त्यांत दोन फाटली. उद्या सकाळी निघायच्या आधी बदलतो आम्ही.”

आणि खाली बसला. सात मिनिटांपैकी सहा मिनिटे पन्नास सेकंद शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच जण ओढ्यावर गेले, त्यांत तो होता. फाटकी पोती काढताना पाण्याने वरची चार ढासळली, ती पुन्हा रचण्यात गाडी अर्धा तास खोळंबली आणि चालकाने माझ्याकडे तक्रार केली.

वर्षअखेर त्याचा दाखला सहीसाठी माझ्या मेजावर आला. वाक्य नेहमीचेच होते, टिंबे मोकळीच होती. कारकून जेवावयास गेला होता, म्हणून टाक काढून नाव मीच लिहिले.