दोन दिवस बुडा, मग या

कृष्णामाईला एक वाईट खोड आहे, ती शासन निर्णय वाचत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना ती 57 फुटांवर गेली. तिकडे मुंबईत ठरलं की घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल, तरच कुटुंबाला दहा किलो गहू नि दहा किलो तांदूळ फुकट. दीड दिवसात पाणी ओसरलं तर तुमचंच नशीब फुटकं. अशा माणसानं माळ्यावर बसून नदीला विनवायचं, ‘माई, आणखी बारा तास थांब गं, पोराबाळांच्या ताटाचा प्रश्न आहे!’ बरं, गहू मिळाला तरी दळायचा कुठं? गिरणीही पाण्यातच. पण असले प्रश्न विचारणारे मुळात विघ्नसंतोषी.

त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात माणसं कोंबून निघालेली नाव उलटली, माणसं गेली. सुटकेच्या बोटी पुरेशा नव्हत्या. मदतीच्या पाकिटांवर मात्र मुख्यमंत्री नि आमदारांचे फोटो वेळेत चिकटले. आपत्ती व्यवस्थापनातलं हे खातं कधीच बेसावध नसतं.

मग पंचनामे. गणपती तोंडावर आलेले, घरात गुडघाभर गाळ. पण भिंत धुवायची सोय नाही, कारण पाण्याची खूण हाच पुरावा. ज्या गृहिणीनं हौसेनं घर घासून लख्ख केलं, ती सरकारदरबारी कोरडीच राहण्याची भीती. स्वच्छ भारत अभियानाचं एवढं मनावर घ्यायचं नसतं, बाई.