दीडच्या आत

आपण बोलतो त्यातलं किती बाहेर गेलं आणि किती आपल्याच घशाशी परत आलं, हे मोजणारं एक यंत्र आहे. तळहातावर मावेल एवढी डबी, काचेमागे एक काटा. बिनतारी संच आणि अँटेना यांच्यामध्ये ती जोडायची, माइकचं बटण दाबून धरायचं आणि काट्याकडे बघायचं. काटा एकावर राहिला तर सगळं बोलणं मार्गी लागलं. दीडपर्यंत असला तरी समाधान मानावं. तीनच्या पुढे गेला तर मात्र गप्प बसावं, कारण पाठवलेली शक्ती उलटून संचालाच जाळू शकते. ही डबी अजून मराठी घरांत जेवणाच्या पानाशेजारी आलेली नाही, म्हणून बरेच संसार शाबूत आहेत.

माझी नोकरी भुसावळजवळच्या दीपनगरच्या पॉवर हाउसमध्ये, कॅरियरच्या कामात गेली. उच्चदाबाच्या तारांतून फक्त वीज जाते अशी लोकांची समजूत असते. आम्ही त्यांतून बोलायचोही. यार्डात लाइनच्या तोंडाशी मोठ्या पोकळ गुंडाळ्या टांगलेल्या दिसतात, त्या वेव्ह ट्रॅप. पन्नास सायकलच्या विजेला त्या बिनतक्रार जाऊ देतात. आवाज वाहणाऱ्या लहरींना मात्र अडवतात. त्या लहरी मग बाजूच्या कपॅसिटरमधून खाली उतरून आमच्या टेबलावरच्या फोनमध्ये येत. २२० केव्हीच्या पाठीवर बसून पलीकडच्या सबस्टेशनचा ऑपरेटर विचारायचा, ‘काय भो, जेवला का?’ पाऊस असला की तारांची चरचर त्याच्या शब्दांत मिसळे, आणि भरितासोबत कळण्याची भाकरी होती की पुरी, हा प्रश्नसुद्धा आघाडीवरून आलेल्या खलित्यासारखा गंभीर वाटे.

या पुण्याईवरच कॉलनीतल्या शेजाऱ्यांच्या मुलाने मला तज्ज्ञ ठरवलं. तो कॅनडात, अल्बर्टामध्ये, ट्रेलर चालवतो. गाडीवर सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, रेडिओचा अँटेना बसवताना त्याचं अडलं आणि त्याने मला व्हिडिओ कॉल लावला. त्याची सकाळ, आमची संध्याकाळ. त्याच्यामागे न वितळलेला बर्फ, माझ्यामागे एप्रिलमधला कूलर. ‘काका, काटा साडेतीनवर जातोय.’ समुद्रांपलीकडचा त्याचा चेहरा, कपाळावरच्या आठीसकट, माझ्या हातात स्वच्छ दिसत होता. आणि आम्ही दोघं खपत होतो ते चार वॉटच्या एका संचासाठी. देवघरातला झिरोचा बल्ब याहून जास्त वीज खातो. दीपनगरातून बोललं तर फार तर भुसावळ स्टेशनात ऐकू यावं, तेही मध्ये टेकाड आडवं न आल्यास.

तरी या चार वॉटांनी एक काळ गाजवलेला आहे. अमेरिकेत १९५८ साली सत्तावीस मेगाहर्ट्झचा हा पट्टा सर्वसामान्यांना बोलायला मोकळा झाला, पण त्याला खरा कंठ फुटला १९७३च्या तेलटंचाईनंतर. वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, डिझेल मिळेना, आणि ट्रकवाले एकमेकांना सांगू लागले : अमक्या पंपावर तेल आहे, तमक्या पुलामागे पोलीस आहे. एकोणीस नंबरचं चॅनल त्यांचा पार झालं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ असं टोपणनाव घेऊन त्यावर बोलत. आपल्याकडेही २००५ साली या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली. त्याच वर्षी आमच्या वीज बोर्डाच्या वाटण्या होऊन महानिर्मिती जन्माला आली. त्या गडबडीत या सवलतीकडे दीपनगरात कोणाचं लक्ष गेलं नाही.

आणि गेलं असतं तरी काय! कॉलनीजवळून जाणारा हायवे, पूर्वीचा ६ नंबर आणि आताचा ५३, सुरतेपासून पारादीपपर्यंत बिनरेडिओचाच बोलत असतो. समोरच्या गाडीने दोनदा डिपर मारला की पुढे आरटीओ उभा आहे. खिडकीतून हात खालीवर हलला की हळू घे. राखेचे बल्कर, रावेर-सावद्याची केळी घेऊन निघालेले ट्रक, सगळ्यांना ही भाषा येते. काहींच्या बंपरच्या कोपऱ्यावर काठी उभी असते, टोकाला रंगीत गोंडा. ती गाडीचा कोपरा कुठे संपतो हे ड्रायव्हरला कळावं म्हणून. नवख्याला ती अँटेनाच वाटावी. तिला केबल नसते, एवढंच.

मुलाच्या काठीला केबल होती, पण काठी आरशाच्या दांडीवर होती आणि दांडीवर रंगाचा जाड थर. अँटेना एकटा कधी बोलत नाही. गाडीचा धातूचा देह हा त्याचा दुसरा अर्धा भाग. तो जोडला गेला नाही तर बोलणं बाहेर पडायला तयार नसतं. म्हटलं, ‘रंग खरवड.’ हप्ते चालू असलेल्या गाडीचा रंग खरवडताना त्याचा हात चोरासारखा चालत होता. खालचा धातू उघडा झाला, दांडीपासून चासीपर्यंत पट्टी जोडली गेली. केबल दारात चेंगरू देऊ नको, एक नंबरच्या चॅनलवर काटा कमी आणि चाळीस नंबरच्या चॅनलवर जास्त चढला तर काठी थोडी आखूड कर, अशा सूचना मी कूलरच्या वाऱ्यात बसून देत होतो. शेवटची सूचना, ‘मोजताना गाडी मोकळ्या जागेत घे, काठीजवळ कोणाला उभं राहू देऊ नको. माणूस जवळ असला तरी काटा हलतो.’

त्याची आई माझ्या खुर्चीमागून स्क्रीनमध्ये डोकावत होती. ती झटकन दोन पावलं मागे सरली. ‘इतक्या लांबून बघितलेलं चालतं ना हो?’

काटा दीडच्या आत आला. मुलाने एकोणीस लावून हाक दिली. कोणी बोलेना, सगळ्यांच्या हातात आता मोबाइल. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. मग एक पंजाबी आवाज उगवला, तूही देशाकडचाच दिसतोस, गाव कुठलं म्हणाला. भुसावळ ऐकल्यावर त्याला दीपनगर सांगावंच लागलं नाही. लहानपणी पंजाब मेलने मुंबईला जाताना त्या फलाटावर केळी घेतल्याचं त्याला आठवत होतं.

‘काका, तो विचारतोय, आता डझन कितीला?’

मी भाव सांगितला. आईला तो पटला नाही. तुम्ही कधी बाजारात जाता का, म्हणत तिने मागूनच स्वतःचा सांगितला. मुलाने दोन्ही भाव माइकमध्ये सांगितले. सरदारजींना दोन्ही महाग वाटले.