तिर्री

अकोला ते अमरावती मी बावीस वर्षं अप-डाऊन केलं. तेवढ्या काळात नोकरीत दोन बढत्या मिळाल्या. डब्यातला हुद्दा मात्र पहिल्याच आठवड्यात ठरला आणि कायम राहिला : तिर्री.

झालं असं. काटेपूर्णा मागं पडलं आणि समोरच्या बाकावरून विचारणा झाली, "भाऊ, मेंढीकोट जमते का?" जमते, म्हणालो. चौघांच्या गुडघ्यांवर दुपट्टा पसरला की आमचं टेबल तयार. ज्याला मेंढीकोट ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो : मेंढी म्हणजे दश्शी. चार रंगांच्या चार मेंढ्या. आपल्या राखायच्या, समोरच्याच्या पळवायच्या आणि चारही पळवल्या की कोट. त्या पानावर मेंढीसारखं काहीच नसतं, पण ती हातची गेली की माणसाचं तोंड मात्र लांडग्यानं कळप मारलेल्या धनगरासारखं होतं.

समोरच्यांनी तीन मेंढ्या आधीच नेल्या होत्या. उतारी किलवरच्या बादशहाची झाली. माझ्या भिडूकडे किलवरचं एकच पान, तेही मेंढी, नाइलाजानं टाकली. माझ्याकडे किलवर नव्हतं, पण हुकमाची राणी होती. मारायची होती. मी विचार केला, एवढी देखणी राणी, पुढं मोठ्या प्रसंगाला कामी येईल, आणि चौकटची तिर्री टाकली. मेंढी गेली. कोट झाला. भिडू थंडपणे म्हणाला, "काऊन बे, राणी कायले जपली? लग्नाले न्याची होती का?"

मूर्तिजापूर यायच्या आत मी तिर्री झालो होतो.

आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की डब्यात मूळ नावानं कुणीच प्रवास करत नाही. नाव पासावर असतं तेवढंच. साहेबाचा फोन आला की बाकावरून ताडकन उठून उभा राहणारा गुलाम. कुठल्याही डावात एक कमी पडला की तिथं खपणारा जोकर. डब्यात ठेचा-भाकर आणणारे एक काका होते, त्यांना दोन्ही पार्ट्या आपल्याकडे ओढत. ते अर्थात मेंढी.

पुढं पुण्याचा भाचा सुट्टीत आला आणि मोबाइलवर पोकर दाखवू लागला. "मामा, आमच्याकडे पानांना टोपणनावं असतात." आमच्याकडे! दोन एक्के म्हणजे रॉकेट्स, दोन बादशहा काऊबॉय, दोन दुर्र्या बदकं, दोन गुलाम मासे धरायचे गळ. (गळ बरोबर आहे. इंग्रजी पानावरचं जे अक्षर बघा.) दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन म्हणतात, कारण त्या गृहस्थांनी १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं, वर्ल्ड सिरीजचा शेवटचा डाव याच दोन पानांवर मारला. नव्वी-पंजी म्हणजे डॉली पार्टन, तिच्या 'नाइन टू फाइव्ह' गाण्यावरून. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या म्हणजे मेलेल्याचा हात. १८७६ साली डेडवूड गावात वाइल्ड बिल हिकॉकला खेळता खेळता गोळी घातली, तेव्हा त्याच्या हातात हीच पानं होती असं सांगतात.

मी म्हटलं, बापू, तुमच्याकडे माणसाचं नाव पानाला देतात. वऱ्हाडात पानाचं नाव माणसाला देतात. ब्रन्सन आमच्या गाडीत चढला असता तर मूर्तिजापूरपर्यंत दुर्री झाला असता, दोनदा जगज्जेता असून.

भाचा हटेना. "एक्का-राजाला ॲना कुर्निकोवा म्हणतात. दिसायला झकास, जिंकतो क्वचित." इथं मात्र मला राहवेना. एक्का-बादशहाची ओळख आम्हाला दुसऱ्यानं करून द्यायची? पोळ्याच्या आगेमागे अकोल्या-अमरावतीचा कोणताही पेपर उघडा. 'एक्का बादशहा नावाचा जुगार', '५२ ताशपत्ते', मग नगदी, मोबाइल, मोटारसायकली. ताश म्हणजेच पत्ते, पण पंचनाम्यात दोन्ही लागतात. एकट्या पत्त्यांवर गुन्हा भक्कम होत नसावा. कायदा १८८७ चा, कलम १२ (अ). म्हणजे हिकॉकला गोळी लागल्यावर अकरा वर्षांनी झालेला.

तसं आमचंही सगळं एकमतानं चालतं असं नाही. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर ही शाळेत शिकल्यासारखी नावं मी घेई. माझा बडनेऱ्याचा भिडू हिंदी वळणाचा. त्याची चिडी आणि माझं किलवर हे एकच पान आहे, हे कळेपर्यंत आम्ही आठवडाभर मेंढ्या घालवल्या. मी त्याला सुनावलं होतं, की हॉलंडात किलवरला क्लाव्हर म्हणतात, म्हणजे माझंच खरं. तो म्हणाला, "मंग हॉलंडचा भिडू पाह्य."

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एक नवीन पोरगा चढला. पहिल्याच डावात त्यानं आपल्याच भिडूचा जिंकलेला हात हुकूम मारून कापला. बाक क्षणभर गप्प झाला. मेंढीकाकांनी चष्मा वर करून त्याला नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"तिर्रीभाऊ, सरका जरासे. दुर्रीले बसू द्या."