पावती आसा मां?

बांद्याच्या बाजारात तात्यांबरोबर चहा प्यायचा असेल तर दहा मिनिटं जादा हाताशी ठेवावीत. चहा दोन मिनिटांत संपतो, उरलेला वेळ पावतीला लागतो. टपरीवाला पावतीपुस्तक ठेवत नाही, हे तात्यांना गेली कित्येक वर्षं माहीत आहे, तरी ते रोज विचारतात, "पावती आसा मां?" शेवटी टपरीवाला सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर 'दोन चहा' असं लिहून खाली सही करतो. तात्या ते पाकीट जपून खिशात घालतात. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या या माणसाच्या घरात सिगारेटची शेकडो पाकिटं निघाली, तर ती अशी.

तात्यांचा धंदा घरच्या मालवणी मसाल्याचा. मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी, म्हणजे कर्नाटकातली. कांडप महाराष्ट्रात. गिऱ्हाईक निम्मं गोव्यात. तीन राज्यांचा हा कारभार दहा बाय बाराच्या एका पडवीतून चालतो, त्यामुळे तात्या स्वतःला मसालेवाले म्हणवून घेत नाहीत. 'आंतरराज्य व्यापारी' म्हणवून घेतात.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, कायद्यानेच त्यांना हा मान दिला आहे. मालाचा धंदा करणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि तो राज्यातल्या राज्यातच विकत असेल, तर महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी लागत नाही. सावंतवाडीला पोतंभर मसाला खुशाल विका. पण हाकेच्या अंतरावरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून त्याच मसाल्याची एक पुडी म्हापशाच्या दुकानदाराला विकलीत, की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. उलाढाल कितीही असो. पापडावर मात्र कर नाही. 'नुसत्या माझ्या पापडांवर राहिला असतात तर ही नोंदणीची कटकट लागली नसती,' हे काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, वर्षातून दोनदा तरी ऐकवतात. एकदा नोंदणीच्या वाढदिवशी आणि एकदा सहज.

नोंदणी झाली आणि तात्यांच्या तोंडी 'वजावट' हा शब्द बसला. पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला खर्च आयकरात नफ्यातून वजा होतो, असं त्यांना कुणीतरी स्कूटरवरून जाता जाता सांगितलं. त्यातलं 'केवळ' बहुधा स्कूटरच्या आवाजात गेलं.

तेव्हापासून तात्यांना खाजगी आयुष्य उरलेलं नाही. मिरची आणायला निघाले की आंबोलीच्या घाटात कांदाभजी होते. तिची वहीत नोंद 'प्रवासखर्च'. भाजलेलं कणीस 'मार्गातील किरकोळ'. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले की सुरमईची थाळी, आणि तिच्यापुढे तात्यांच्या वळणदार अक्षरात 'स्पर्धकाच्या मसाल्याची चाचणी'. एकदा पणजीत लॉजवर राहिले आणि बिलावरचा जीएसटी परत मागायला निघाले. तो गोव्याच्या खात्यावरचा कर, महाराष्ट्राच्या नोंदणीत त्याची वजावट मिळत नाही, हे कळल्यावर त्यांना झालेलं दुःख मी पाहिलं आहे. कर भरावा लागल्याचं नव्हतं ते. बिल इतकं सुंदर छापलेलं होतं!

पडवीचं तर विचारूच नका. घराचा जो भाग धंद्याला वापरला त्यापुरतीच वीज आणि डागडुजी धरता येते, म्हणून तात्यांनी पडवीच्या उंबऱ्यावर खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे संसार, पलीकडे धंदा. सून पंख्याखाली भाजी निवडायला बसली की तात्या म्हणत, "बाय, थोडी अलीकडे सर." अडचण आली ती चतुर्थीला, कारण गणपती पडवीतच बसतो. तात्यांनी वहीत 'पाच दिवस कामकाज बंद' असं लिहिलं. मग गोव्याचे पाहुणे दर्शनाला आले, जाताना चार किलो मसाला घेऊन गेले, आणि तात्यांनी ती ओळ खोडून वर 'प्रदर्शन व विक्री' केलं. गणपतीवर बांधलेल्या माटवीचा खर्च त्याच पानावर आहे.

या सगळ्या पावत्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं वर्षभरात उडतात, म्हणून तात्या त्यांच्या झेरॉक्स काढतात. झेरॉक्सची पावती वेगळी.

यंदा सीए बदलला. नवा सीए गावातलाच, तात्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. तात्यांनी डबा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने झाकण उघडलं, सिगारेटची पाकिटं पाहिली, आणि जुनी विवरणपत्रं संगणकावर काढली. बराच वेळ काही बोलला नाही.

"तात्या, तुमचं विवरणपत्र दरवर्षी 'सुगम' फॉर्मात गेलंय."

"मगे?"

"यात उलाढालीच्या ८ टक्के नफा धरतात. बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के. बाकी सगळा खर्च झाला असं कायदाच धरून चालतो. वेगळा खर्च त्यात दाखवताच येत नाही. मिरचीची, मसाल्याच्या पाकिटांची जीएसटीची बिलं तेवढी सांभाळा."

"म्हणजे भजी?"

"भजी नाही."

"आणि माटवी?"

सीएने नुसती मान हलवली. तात्या डब्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मगे इतकी वर्सां मी ह्यां सगळां कित्याक जमवलंय?"

निघताना त्यांनी सीएकडून फीची पावती घेतली. डबा काकींनी रिकामा करून, घासून उन्हात ठेवला आहे. पावसाआधी त्यात पापड भरायचे आहेत.